डच गुत्त्यातली नाटकी चित्रं मुंबईत छापून घ्यायची असतील तर: फाइल, कागद, लॅब आणि फ्रेम, सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरची फाइल फुकट आहे आणि क्वालिटी अशी की अजून काय मागायचं, पाचपैकी पाच. लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली प्रिंट लॅब चांगली आहे पण बाजूला उभं राहून काम करून घ्यावं लागतं, चार. कागद कॉटनचा आणि गुळगुळीत घ्या, खरखरीत नको, का ते खाली सांगते. फ्रेम, इथेच घोडं पेंड खातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही चित्रं मोठी करू नका, मूळ जेवढी आहेत तेवढीच छापा. दुकानात प्रत्येक जण सांगणार की मॅडम मोठं करा, सोफ्याच्या मागे मस्त दिसेल, अजिबात ऐकायचं नाही.

आता कुठली चित्रं ते. सतराव्या-अठराव्या शतकातली डच एनग्रेव्हिंग आणि एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अवजाराने कोरून (एनग्रेव्हिंग) किंवा ॲसिडने रेषा खोदून (एचिंग) छापलेली चित्रं, आणि त्यातली पण मला आवडतात ती दारूच्या गुत्त्यातली, जिथे नाटक चालू आहे का खरंच गुत्ता आहे हेच कळत नाही. कोणी फिडल वाजवतोय, कोणी बाकावरून पडायला आलाय, एक बाई म्हाताऱ्याला ग्लास भरून देते आणि लक्ष तिसरीकडेच, आणि हमखास एक माणूस असा की तो सरळ आपल्याकडे बघून हसतोय. तो बघतो ना, तिथे मी फसते. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा मधेच गोष्ट सोडून पब्लिककडे वळतो आणि आपल्याला कटात घेतो, तसाच हा माणूस साडेतीनशे वर्षं त्या कागदावरून आपल्याला कटात घेतोय.

थोडं बॅकग्राउंड देते कारण त्याशिवाय चित्रात काय चाललंय ते लागत नाही. डच लोकांकडे क्लुख्त नावाचा प्रकार होता, आपला फार्स म्हणा. छोटा, आडदांड, त्यात अडाणी शेतकरी, दारुडे, भामटे, नवऱ्याला बनवणाऱ्या बायका, आणि भाषा थेट मासळी बाजारातली. ॲमस्टरडॅमचं स्खाउबुर्ग हे थिएटर 1638 मध्ये सुरू झालं, तिथे आधी गंभीर शोकांतिका व्हायची आणि मग शेवटी क्लुख्त, म्हणजे लोकांनी हसत घरी जावं. आपल्याकडे पण एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटक झालं की नंतर फार्स करायचे, हिशोब अगदी तोच. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे या थिएटरची कमाई शहराच्या अनाथाश्रमाला आणि म्हाताऱ्यांच्या आश्रमाला जायची, त्यामुळे तिकडच्या पाद्र्यांनी नाटकाच्या नावाने कितीही बोटं मोडली तरी थिएटरवाल्यांकडे उत्तर तयार असायचं की बाबांनो हे पैसे पोरांच्या ताटात जातात. बायकांची कामं सुरुवातीला पुरुषच करायचे, 1655 मध्ये आरियाना नोझेमन ही पहिली बाई त्या स्टेजवर आली, तिचा नवरा पण तिथलाच नट आणि फार्स लिहिणारा. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे सगळं परकं वाटतच नाही.

गुत्त्यातला सीन म्हणजे काय असायचा त्याचं एक उदाहरण देते. ब्रेडेरो नावाचा ॲमस्टरडॅमचा लेखक, 1585 चा जन्म आणि जेमतेम तेहतिसाव्या वर्षी गेला, त्याने 1612 मध्ये गायीचा फार्स लिहिला. एक चोर रात्री शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहतो, त्याचीच गाय चोरून वाटेत बांधून ठेवतो, सकाळी दोघं मिळून शहराकडे निघतात, आणि चोर त्यालाच सांगतो की ही माझी गाय जरा विकून दे. शेतकरी म्हणतो, अरे ही तर अगदी माझ्या गायीसारखी दिसते, आणि तरीही विकून देतो! मग त्याच पैशाच्या आनंदात गुत्त्यात पार्टी, सगळे पितात, आणि चोर जेवण आणतो म्हणून दुसऱ्याचा झगा आणि गुत्तेवाल्यांची भांडी घेऊन पसार. हे वाचल्यावर ही चित्रं परत बघा. टेबलावरच्या प्रत्येक ताटाकडे संशयाने बघाल, हे कोणाचं आहे आणि आता कोण उचलणार.

बरं हे पण सांगते की सगळीच चित्रं काही ठरावीक नाटकातला ठरावीक सीन नाहीत. काहींच्या खाली नाटकाचं नाव असतं, काहींमध्ये नुसतं पात्र असतं, आणि काही फक्त गुत्ता आहेत पण मांडणी अशी की समोर पडदा उघडलाय. मी तिन्ही प्रकार घेतले.

पहिलं, आणि माझं सगळ्यात लाडकं, पेकलहारिंग. फ्रान्स हाल्सने 1630 च्या आसपास हे पेंटिंग केलं, मूळ आता जर्मनीत कासेलला आहे, आणि त्यावरून हार्लेमच्या योनास सौडरहूफने एनग्रेव्हिंग केलं. पेकलहारिंग म्हणजे खारवलेला हेरिंग मासा, आणि हे तेव्हाच्या स्टेजवरच्या विदूषकाचं नाव, इंग्लंडमधून फिरत आलेल्या नाटक कंपन्यांनी ते तिकडे नेलं. खाली चार ओळींची कविता कोरलेली आहे, तिचा अर्थ असा की बघा या पेकलहारिंग महाशयांना, गार भरलेल्या मगाची काय तारीफ चाललीय, कायम ओल्या भांड्याला चिकटलेले, कारण घसा सदाचा खारट. सुका बांगडा खाऊन बसलेल्या कुठल्याही मुंबईकराला हा जोक समजावून सांगायला लागत नाही. त्याच्या हातात झाकण उघडलेला मग आहे, मान वाकडी, दात दिसतायत, आणि डोळे सरळ आपल्यावर. यान स्टेन या दुसऱ्या डच चित्रकाराला हे चित्र इतकं आवडायचं की त्याने स्वतःच्या एका पेंटिंगमध्ये डॉक्टर आजारी पोरीला तपासतोय त्या खोलीच्या भिंतीवर हेच टांगलंय, म्हणजे खोलीत जो काही तमाशा चाललाय त्यावर हा वरून हसतोय. स्टेन स्वतः पण 1672 नंतर लायडनला खानावळ चालवायचा, त्यामुळे ही दुनिया त्याला घरचीच.

आता हे जवळून बघा म्हणजे मी मोठं करू नका का म्हणते ते कळेल. गालावर सौडरहूफने रेषा गोल फिरवल्यात, गाल जिथे फुगलाय तिथे रेषा पण जाड होते, आणि उजेडाकडे जाता जाता इतकी बारीक होते की तुटून नुसते ठिपके राहतात. आधी ॲसिडने थोडं काम करायचं आणि मग ब्युरिन म्हणजे कोरायच्या टोकदार अवजाराने त्यावर फिनिशिंग, ही त्याची पद्धत. हातात धरून एक वीतभर अंतरावरून बघितलं तर डोळा रेषा विसरतो आणि कातडी दिसते, घाम आलेली, हसून ताणलेली. हेच तुम्ही दुप्पट करा, रेषा दुप्पट जाड, मधली जागा दुप्पट पांढरी, आणि गालाच्या जागी तारेची जाळी दिसते. ही चित्रं भिंतीवर लांबून बघायला केलेलीच नव्हती हो. लोक फोल्डरमध्ये ठेवायचे, टेबलावर काढायचे, चार जण डोकी जुळवून बघायचे, खालची कविता एक जण मोठ्याने वाचायचा. पुस्तक वाचतो तेवढ्याच अंतरावरची गोष्ट आहे ती.

गंमत म्हणजे याच सौडरहूफने 1648 च्या म्युन्स्टरच्या तहाचं चित्र पण कोरलंय, तेच ज्याने डच लोकांना स्पेनपासून अधिकृत स्वातंत्र्य मिळालं, टेर बोर्खच्या पेंटिंगवरून. म्हणजे एकाच माणसाच्या हातून देशाचा तह पण आणि दारुड्याचा घसा पण, आणि दोन्हीकडे मेहनत सारखीच. मला हे फार मोठं वाटतं. विनोदी काम आहे म्हणून हात सैल सोडला नाही त्याने.

दुसरं, आद्रियान व्हान ओस्टाडेचं गुत्त्यातला नाच, हे एचिंग आहे, साधारण 1652 चं. ओस्टाडे पण हार्लेमचाच, त्याने पन्नासएक एचिंग केली आणि त्यातलं हे मोठ्यांपैकी एक, तरी मोठं म्हणजे साधारण 26 बाय 32 सेंटीमीटर, बस. हे कुठल्या नाटकातलं नाही. पण बघा ना, मधे जागा मोकळी सोडलीय आणि तिथे एक जोडपं नाचतंय, बाकी सगळे कडेला, वर कोठारासारखं उंच छप्पर, त्याचे वासे, आणि त्या छपराखालचा काळोख चित्राचा बराचसा भाग खाऊन टाकतो. माणसं छोटीशी, खाली. त्या अंधारातल्या रेषा एकमेकींवर तीन-तीनदा गेल्यात आणि तरी काळा डाग झालेला नाही, आत नजर जाते. स्वस्त प्रिंटमध्ये सगळ्यात आधी मरतो तो हा अंधार. लॅब चांगली आहे का वाईट ते ठरवायला मी हीच फाइल टेस्ट म्हणून देते, छपराखाली वासे वेगवेगळे दिसले तर लॅब पास.

तिसरा कॉर्नेलिस त्रोस्त, हा पुढच्या शतकातला, 1696 ते 1750, आणि हा स्वतः नट होता. स्खाउबुर्गमध्ये काम करायचा, बायको पण तिथलीच नटी, मग नट म्हणून निवृत्ती घेऊन पूर्णवेळ चित्रं काढायला लागला आणि गाजलेल्या विनोदी नाटकांतले सीन काढले, ज्यांच्यावरून पीटर तान्ये, याकोबुस हाउब्राकन वगैरे लोकांनी एनग्रेव्हिंग केली. त्यात थॉमस आसेलाइनचं 1682 चं यान क्लासझ नावाचं नाटक आहे, पोरीचे धार्मिक आईबाप लग्नाला नाही म्हणतात म्हणून पोरगा मोलकरणीचा वेष करून घरात शिरतो, काय गोंधळ होतो ते तुम्हीच समजा. हे घरातलं आहे, गुत्त्यातलं नाही, पण त्रोस्तला बघायचंच. नट असल्याचा फरक दिसतो. ओस्टाडेची माणसं स्वतःत रमलेली आहेत, त्रोस्तची माणसं एंट्री घेतात. दारातून डोकावणारा नेमका त्या क्षणी डोकावतो जेव्हा प्रेक्षक हसणार, आणि हात कुठे ठेवायचा ते प्रत्येकाला माहितीय.

त्रोस्तचंच अजून एक, पण हे एनग्रेव्हिंग नाही, पेस्टल म्हणजे रंगीत खडूंची चित्रं आहेत, पाच चित्रांचा सेट, 1739-40 मधला, हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये. एका घरी मित्र जमलेत आणि रात्र कशी चढत जाते ते पाच टप्प्यांत. पहिल्यात कोणीच बोलत नाही, दुसऱ्यात बोलणी सुरू, तिसऱ्यात सगळे एकदम बोलतायत, चौथ्यात घरात दंगा, आणि पाचव्यात ज्यांना चालता येत होतं ते गेले, ज्यांना येत नव्हतं ते पडले. प्रत्येकाला लॅटिन नाव आहे आणि त्या नावांची पहिली अक्षरं जोडून सेटचं नाव नेलरी. हे रंगीत असल्याने छपाईचं गणित वेगळं, मी अजून छापलं नाही, पण नुसतं स्क्रीनवर एका पाठोपाठ एक बघा, शनिवारी रात्री कुठल्याही बिल्डिंगच्या गच्चीवर हे पाच टप्पे जसेच्या तसे होतात.

आता फाइल. राइक्सम्युझियमने 2012 मध्ये राइक्सस्टुडिओ सुरू केलं, त्यातली जुनी चित्रं पब्लिक डोमेन आहेत, डाउनलोड करा, छापा, टी-शर्टवर लावा, कोणी विचारत नाही. आर्टिस्टच्या नावाने सर्च करा, सोपं पडतं. प्रत्येक चित्राखाली मापं मिलिमीटरमध्ये दिलेली असतात, ती लिहून घ्या, हे विसरू नका, कारण लॅबवाल्याला तीच सांगायची आहेत. एकाच चित्राच्या कधीकधी दोन-चार प्रती असतात, म्हणजे पत्रा ताजा असतानाची छपाई आणि पत्रा झिजल्यावरची. ताजी निवडायची. तांबं मऊ असतं, प्रत्येक छपाईला रोलरखाली दाबलं जातं, त्यामुळे बारीक रेषा आधी जातात, आणि झिजलेल्या प्रतीत चेहरे धुवून काढल्यासारखे फिके होतात. दोन प्रती स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडा, गाल आणि बोटं बघा, लगेच कळतं. पिक्सेलचं म्हणाल तर ओस्टाडेच्या मापाला 300 डीपीआयने, म्हणजे एका इंचात 300 ठिपके धरून, साधारण 3000 बाय 3800 लागतात. पण लाइनवर्क आहे म्हणून त्यापेक्षा जास्त असेल तर उत्तम, आणि कमी असेल तर सॉफ्टवेअरने फुगवू नका, रेषांमध्ये लाटा येतात.

लॅबमध्ये तीन गोष्टी सांगायच्या. शंभर टक्के साइज, फिट टू पेज नाही. ऑटो करेक्शन बंद. आणि रंग आहे तसाच, ब्लॅक अँड व्हाइट करू नका. शेवटचं मी जरा जोरातच सांगते कारण जुना कागद पिवळट-बदामी असतो आणि शाई पण शुद्ध काळी नसते, किंचित ब्राऊन असते, ती काढून टाकली की चित्र फोटोकॉपीसारखं दिसतं. लोअर परळवाल्यांकडे मोठे इंकजेट आहेत, पोरं हुशार आहेत, छोटा टेस्ट तुकडा आधी छापून देतात आणि त्याचे पैसे थोडेच घेतात, तो घ्याच. मी हानेम्युले कंपनीचा फोटो रॅग नावाचा कॉटनचा कागद घेतला, 308 जीएसएम म्हणजे जाडसर, हातात छान जड लागतो. त्यांच्याकडे एक जर्मन एचिंग नावाचा पण होता आणि नावावरून मोह होतो, पण त्याला पोत आहे, रंगीत चित्राला सुंदर, या बारीक रेषांना मात्र पोतामुळे मधेमधे खंड पडतो. ए-थ्रीला माझ्या वेळी बाराशेच्या आसपास गेले. त्यांचा एक गुण कापला तो वेळेसाठी, दिलेली तारीख पाळली नाही आणि फोन आपणच करायचा.

बरं, फ्रेम. पहिला जो फ्रेमवाला होता, नाव देत नाही, मध्य मुंबईतलं चालू दुकान आहे, त्याने काय केलं ऐका. पेकलहारिंगच्या कडेने जी पत्र्याची खूण असते, म्हणजे छापताना तांब्याच्या कडेने कागद दबतो आणि चौकट उमटते, ती म्हणजे या चित्राची ओळख, त्याने ती सरळ कापली. शिवाय खालची कविता माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकली. मी विचारलं तर म्हणाला, मॅडम ते लिहिलेलं कोणाला वाचता येणार. अहो पण नटाच्या तोंडचं वाक्य कापून टाकल्यासारखं आहे हे! मागे प्लायवूड ठोकलं, चित्र पुठ्ठ्याला फेविकॉलने चिकटवलं, आणि काच थेट कागदाला टेकलेली. मुंबईत काच कागदाला टेकली की पावसाळ्यात आत दमट हवा धरते आणि कागद काचेला चिकटतो, काढायला गेलात की शाईसकट निघतो. ती प्रिंट गेलीच. पैसे परत मागितले तर नाही म्हणाला. मला राग पैशाचा नाही, बेफिकिरीचा आला, समोर काय आहे ते बघायचंच नाही हा जो प्रकार आहे त्याचा.

दुसरा फ्रेमवाला गिरगावातला, वय झालेले काका, दुकान एवढंसं की दोन माणसं आत गेली की तिसरा बाहेर. त्यांनी आधी चष्मा वर करून चित्र नाकाला लावून बघितलं, हसले, म्हणाले हा कोण नमुना, मग मी सगळी गोष्ट सांगितली आणि त्यांनी साहित्य संघातल्या जुन्या नाटकांच्या गोष्टी सुरू केल्या, काम राहिलं बाजूला. पण काम एक नंबर. ॲसिड-फ्री माउंट बोर्ड, त्याची खिडकी पत्र्याच्या खुणेच्या बाहेर चांगली दोन बोटं सोडून कापली, कविता पूर्ण दिसते. चित्र वरून फक्त दोन छोट्या जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर टांगलं, गव्हाच्या खळीने, उद्या काढायचं म्हटलं तर पाण्याच्या बोटाने सुटतं. माउंटमुळे काच आणि कागद यात जागा राहते. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेममधून हवा खेळते. हे रबराचं कोणीच सांगत नाही आणि मुंबईत तेच सगळ्यात गरजेचं, बाहेरच्या भिंतीला, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे तर टांगूच नका. दर साधारण अडीच-तीन हजार एका फ्रेमचा, रेडीमेडपेक्षा महाग आहे, मला पटला. साडेचार देते. अर्धा कापला कारण काका यूपीआय घेत नाहीत आणि पावती हाताने लिहितात ती वाचता येत नाही.

कोणीतरी विचारणार म्हणून सांगते, ओरिजिनल मिळतात का. मिळतात, मुंबईत पण जुन्या प्रिंट आणि नकाशे विकणारे आहेत, आणि चोर बाजारात पण कधीकधी काहीतरी निघतं, पण तिथे जाताना झवेरी वापरतात तसलं भिंग खिशात ठेवा. भिंगातून ठिपक्यांची एकसारखी रांगोळी दिसली तर ती ऑफसेटची छपाई, पुस्तकातून फाडलेलं पान, सोडून द्या. खऱ्या एनग्रेव्हिंगमध्ये रेषा सलग असते, टोकाला निमुळती होते आणि शाई कागदावर किंचित उठलेली असते, अंगठ्याला लागते. कागद उजेडाकडे धरला की समांतर बारीक रेघा दिसल्या पाहिजेत, जुना हाताने केलेला कागद जाळीवर गाळायचे त्या जाळीच्या खुणा त्या. त्या रेघा नाहीत आणि विकणारा म्हणतोय सतराव्या शतकातलं, तर नमस्कार करा आणि निघा, कारण बिनरेघांचा गुळगुळीत कागद युरोपात आला तोच 1750 च्या दशकात. आणि पत्र्याची दबलेली खूण शोधा, पण लक्षात ठेवा की पुष्कळ जुन्या प्रती खुणेच्या आत कापलेल्या असतात, त्यामुळे नाही दिसली म्हणजे खोटंच असं नाही.

या लोकांबद्दल अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. यान पुंट, 1711 चा जन्म, हा एनग्रेव्हर पण आणि स्खाउबुर्गचा मोठा नट पण, दोन्ही एकत्र. शोकांतिकेतला हिरो, अकिलिसची भूमिका त्याची गाजलेली. अँटवर्पच्या चर्चमधली रूबेन्सची छताची चित्रं 1718 च्या आगीत जळाली होती, त्यांची कॉपी करून ठेवलेल्या ड्रॉइंगवरून त्याने एनग्रेव्हिंग केली, म्हणून आज ती छतं कशी होती ते आपल्याला दिसतं. पुढे तो थिएटरचा व्यवस्थापक म्हणून तिथेच राहायला लागला, आणि 11 मे 1772 ला प्रयोग चालू असताना स्खाउबुर्गला आग लागली, माणसं गेली, थिएटर गेलं, पुंटचं राहतं घर आणि सामान पण त्यातच. ज्याने आगीत गेलेली चित्रं वाचवली त्याचं थिएटर आगीत जावं. जुनं थिएटर आतून कसं होतं ते बघायचं असेल तर सालोमन साव्हेरीचं 1658 चं एनग्रेव्हिंग आहे, स्टेज आणि प्रेक्षागृह दोन्ही, ते पण राइक्सम्युझियमच्या साइटवर शोधा. मी ते पेकलहारिंगच्या शेजारी लावलंय. नाटक आणि नाट्यगृह शेजारी शेजारी हवं.

आणि हे खास फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी. 1720 मध्ये हॉलंडमध्ये शेअरचा फुगा फुटला, पॅरिसच्या मिसिसिपी कंपनीचा आणि लंडनच्या साउथ सी कंपनीचा फुगा फुटला त्याच वर्षी, आणि त्यावर तिथल्या लोकांनी चित्रं आणि नाटकं एकत्र करून एक जाडजूड पुस्तकच काढलं, मूर्खपणाचं भव्य चित्र अशा अर्थाचं नाव. त्यात पीटर लांगेनडाइकची दोन विनोदी नाटकं आहेत, त्यातलं एक ॲमस्टरडॅमच्या काल्व्हरस्ट्राटवरच्या कॉफी हाउसमध्ये घडतं जिथे लोक नुसती हवा विकत घेत होते, दुसऱ्यात हार्लेक्विन हा नाटकातला ठरलेला विदूषक शेअर दलाल झालाय. आणि एका चित्रात मिसिसिपी कंपनीवाला जॉन लॉ, कादंबरीतला वेडा सरदार डॉन किहोटे बनून, गाढवावर बसून चाललाय. 1992 च्या वेळी दलाल स्ट्रीटवर असलेल्या माझ्या मामांना मी यातलं एक छापून दिलं, त्यांनी चष्मा लावून एकेक माणूस बोटाने दाखवत कोण ब्रोकर, कोण बँकवाला आणि कोण आपल्यासारखा गिऱ्हाईक ते सांगितलं, आणि खरं सांगते, चित्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं. यातली बरीच पानं मोठी आहेत, मूळ पुस्तकात घडी घालून बांधलेली, त्यामुळे स्कॅनमध्ये मधे घडीची रेघ दिसते. लॅबवाला ती पुसून देऊ का विचारेल, नाही म्हणा. आणि ए-थ्रीमध्ये बसवायला कमी करू नका, ए-टू लागला तर ए-टू घ्या, खाली इतकं बारीक लिहिलेलं आहे की छोटं केलं तर तो मजकूर गेलाच. मी पुढची ऑर्डर ऑक्टोबरनंतर देणार, हवा कोरडी झाली की, काकांनी पण तेच सांगितलंय की जुलै-ऑगस्टमध्ये कॉटन कागद ओल पिऊन फुगतो आणि माउंटमध्ये मग सैल पडतो.